बापूंचा भाचा

“मंडळी, एक हात खिशात गेलेला मला इथनं दिसतोय! आता तो रिकामा बाहेर काढू नका. निळ्या सदऱ्याचं पाव्हणं, तुमालाच म्हणतोय मी!”

सगळं मैदान हसलं. निळ्या सदऱ्याचा पाहुणा आधी आसपास दुसरा कुणी निळा सदरा दिसतोय का ते बघत राहिला. मग सुटका नाही म्हणून त्यानं नोट काढली आणि यशवंतानं पुढं केलेल्या डब्यात टाकली. तेलाचा रिकामा डबा, त्याला भगवं कापड गुंडाळलेलं आणि झाकणाला चीर पाडलेली. तो घेऊन यशवंत मैदानाच्या कडेकडेनं फिरत होता, आणि मी लिंबाखाली टेबल मांडून माइकवरनं लोकांच्या खिशात हात घालत होतो.

आमच्या जांभळेवाडीच्या हनुमान क्रीडा मंडळाच्या कबड्डी स्पर्धा दरवर्षी थंडीत व्हायच्या. विजेचा भरवसा नव्हता म्हणून कर्णा बॅटरीवर आणि सामने दिवसाउजेडी, शाळेमागच्या मैदानावर. आमच्या भागात रिवाज असा, की एखादी चढाई आवडली की बघणारा तिथल्या तिथं बक्षीस लावतो. समालोचक त्याचं नाव माइकवरनं पुकारतो, ते कर्ण्यातनं गावभर ऐकू जातं, आणि खरं सांगायचं तर अर्धे लोक त्या पुकाऱ्यासाठीच पैसे सोडतात. त्या वर्षी मंडळानं ठरवलं होतं की बक्षिसाचा पैसा खेळाडूच्या हातात न पडता डब्यात पडेल. डबा होता एका आजारी पोरासाठी.

हे पोरगं म्हणजे सर्जेराव बापूंचा भाचा. बापू आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मिशी पांढरी झाली तरी बोलता बोलता मांडीवर थाप मारायची त्यांची खोड गेली नव्हती. त्यांच्या लांबच्या बहिणीचा हा मुलगा, हायवेपलीकडच्या कुठल्याशा वाडीतला. त्याला ‘त्यो रोग’ झाला होता. आमच्याकडे त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. माझ्या थोरल्या चुलत्याला डॉक्टरनं तोंडावर नाव सांगितलं, तर त्यानं त्या दिवसापासनं अन्नच सोडलं आणि महिन्याभरात गेला. तेव्हापासनं माझे वडील, अण्णा, त्या शब्दाला सापाइतके भीत. तर या भाच्याला मुंबईला मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं, लगेच न्यायचं होतं, आणि घरच्यांची तेवढी ऐपत नव्हती. पोरग्याचं नाव जाहीर करायचं नाही, अशी घरच्यांची अट होती म्हणे.

मी तेव्हा तेविशीत होतो. मंडळाचा डावा चढाईपटू होतो, आणि आमचा सामना नसेल तेव्हा समालोचनाचा माइकही माझ्याकडंच असायचा. पण त्या पावसाळ्यात माझ्या गळ्याला गाठ आली आणि खेळ बंद झाला. टीबीची गाठ, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. गाठ काही हलेना, वजन मात्र उतरत चाललं. रात्री अंगाला इतका घाम यायचा की आई अंथरूण बदलायची. मग अण्णांनी मला जिल्ह्याच्या गावी नेलं, तिथं गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आणायला अण्णा एकटेच गेले. परत आले तेव्हा म्हणाले, “टीबीचीच हाय. पन जरा हट्टी जात हाय म्हंत्यात. मुंबईला एक मोठा डॉक्टर हाय, त्याला दावू.” मी म्हटलं, बरं. हट्टी तर हट्टी. तेवढ्यात मुंबई बघून होईल.

खरा तमाशा झाला तो माइकवरनं. स्पर्धेच्या आधी मंडळाची बैठक भरली, तेव्हा बापू माझ्याकडं न बघता म्हणाले, “औंदा समालोचनाला कऱ्हाडास्नं मानूस बोलवावं म्हंतो.”

“का?” मी विचारलं.

“तुझी तब्येत...”

“गाठ गळ्याला हाय बापू, जिभेला न्हाय.”

एरवी यावर सगळे खिदळले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. यशवंत, माझा लंगोटीयार, जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत बसला होता. मला अपमान वाटला. खेळ गेला, आता माइकही काढून घेताय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी बोलू नये ते बोललो. मंडळात राजकारण शिरलंय म्हणालो, कऱ्हाडचा माणूस बापूंचा कोण लागतो तेही विचारलं. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी उठले, धोतराची धूळ झटकली आणि यशवंताला म्हणाले, “दे त्याला माइक. न्हाय म्हनलं तर का म्हनून इचारत बसंल.”

मला तो माझा विजय वाटला.

शनिवारी सामने सुरू झाले आणि मी असा काही सुटलो की विचारू नका. पण सकाळपासनं एकेक गोष्टी अशा घडायला लागल्या, की माझं मलाच कोडं पडावं.

पहिलं म्हणजे यशवंत. डबा घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा मी खिशातली पन्नासाची नोट काढली. त्यानं झटकन झाकणावर हात ठेवला.

“तू नगं टाकूस.”

“का रं? माझं पैसं खोटं हायत?”

“तुला औषधपान्याला लागतील.”

“ते पोरगं तितं मराय टेकलंय आन मी औषधाचं बगू व्हय? हात काढ.”

तो हात काढेना. मी त्याचं मनगट धरून बाजूला केलं आणि नोट आत ढकलली. यशवंत म्हणजे नव्वद किलोचा गडी, भल्याभल्यांना पकडीत उचलून टाकणारा. त्याचे डोळे भरून आले आणि तो डबा घेऊन चालता झाला. मला वाटलं, माझ्या मनाचा मोठेपणा बघून गडी हेलावला.

दुसरा नेताजी. हा सावळवाडीच्या संघाचा कप्तान. आदल्या वर्षी त्याच्या गावच्या स्पर्धेत समालोचन करताना मी म्हणालो होतो, “नेताजीराव वाकलेत, पट काढायला वाकलेत की हरवलेली चप्पल शोधायला, ते काही कळत नाही!” त्यावर तो लाकूड घेऊन माझ्या मागं लागला होता आणि मी कुणाच्या तरी गोठ्यात लपून बसलो होतो. या वर्षी तो थेट टेबलाशी आला. मी खुर्ची मागं सरकवली. त्यानं हातातलं शहाळं माझ्यासमोर ठेवलं.

“घ्या दिनकरराव. बोलून घसा सुकतो.”

दिनकरराव! जन्मात मला कुणी राव म्हटलं नव्हतं. घरादारात मी दिन्या. मी शहाळ्यात काही घातलंय का म्हणून वास घेऊन बघितला.

“चप्पल घावली का?” मी भीतभीत विचारलं.

तो हसला. “घावली की. तुमी बोला बिनघोर. माझ्यावर काय बी बोला, आज सगळं माफ.”

पंचही तसेच. एरवी त्यांच्या निर्णयावर बोललं की शिट्टी फेकून मारतील असे. त्या दिवशी मी म्हणालो, “पंचांचा चष्मा पंचांच्या घरी, पंचांचं घर मैदानाच्या बाहेर!” तर ते माझ्याकडं बघून चक्क मान डोलावून हसले. बायाबापड्या टेबलाजवळनं जाताना माझ्याकडं बघत थांबायच्या. एका म्हातारीनं येऊन माझ्या गालावरनं हात फिरवला आणि बोटं मोडली. एरवी माझ्या बडबडीला अर्धा गाव वैतागलेला असे.

या सगळ्याचा मी माझ्यापुरता एकच अर्थ लावला. माझा आवाज आता त्या दर्जाला पोचला होता. लोक कलाकाराला मान देतात तसा मला देत होते.

पण डबा काही म्हणावा तसा जड होत नव्हता. दुपारी बापूंना मी म्हणालो, “बापू, बिननावाच्या पोराला कोन पैसं देनार? लोकांच्या डोळ्यांम्होरं पोरगं उभं राह्यलं पायजे. कसं दिसतंय ते सांगा तरी.”

बापू गडबडले. “दिसतंय... पोरासारखंच. तुझ्याएवढं असंल.”

“खेळतंय का काय?”

“खेळत हुतं म्हंत्यात.”

“बास! एवढं पुरे. बाकीचं मी बगतो.”

“दिनकर, काय वाडीव बोलू नगंस लेका,” बापू म्हणाले. पण तोवर मी माइक हातात घेतला होता.

मग मी त्या भाच्याला जन्माला घातलं. त्याला एकुलता एक केलं. त्याच्या बापाला ऊसतोडीच्या गाडीवर घातलं, कारण माझे अण्णा बैलगाडीनं ऊस ओढायचे आणि त्या कष्टांचं मला नीट वर्णन करता येत होतं. त्याला डावा चढाईपटू केलं, कारण डाव्या बाजूचंच मला कळत होतं. “प्रेक्षकहो,” मी म्हणालो, “तो मैदानात शिरला की त्याची आई देवापुढं दिवा लावून बसायची, मैदानाकडं कधी फिरकायची नाही, पोराला कुणी पाडलेलं तिच्यानं बघवत नाही!” हेही माझ्या आईचंच. उसनं आणायला लांब कशाला जायचं?

माणसं गप्प होऊन ऐकत होती. मला आणखी चेव आला.

“आज त्या माउलीच्या पोराला रोगानं पकडलंय, मंडळी! सात जणांनी घेरलंय आणि मधली रेष हातभर लांब राहिलीय. तुम्ही हात आखडता घेतलात तर ते पोरगं रेषेला शिवणार नाही. ते मरंल! आणि त्याची आई रिकाम्या घरात...”

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात कुणीतरी उठलं. बघतो तर आई. माझी आई, जी माझा एकही सामना बघायला आली नव्हती, ती शेजारणीबरोबर येऊन कधी बसली होती ते मला कळलंच नव्हतं. ती पदर तोंडाशी धरून भराभर शाळेच्या कुंपणाकडं चालत निघाली. शेजारीण तिच्या मागं धावली. माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं. आईला दुसऱ्याचं दुःख सोसत नाही हे मला ठाऊक होतं, पण एवढं? डब्यात मात्र नोटा पडत होत्या. लोक रांग लावून टाकत होते. मी ते बघून पुढं बोलत राहिलो.

संध्याकाळी घरी गेलो तर आई चुलीपुढं बसली होती.

“का उठून आलीस?” मी विचारलं.

“धूर गेला डोळ्यांत,” ती म्हणाली.

“मैदानावर धूर?”

“जेव आता.” तिनं ताटात तुपाची धार धरली ती सोडीचना. भात तुपात पोहायला लागला. मला भूक नव्हती, पण तिच्याकडं बघून मी चार घास गिळले. अण्णा उंबऱ्यात बसून बाहेर बघत होते. त्यांना आमच्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, किंवा येऊ द्यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी अंतिम सामना लागला. आमचं मंडळ आणि सावळवाडी. मैदान फुटायला आलं होतं. शाळेच्या कौलांवरही माणसं चढली होती. पहिला डाव बरोबरीत सुटला. मधल्या सुट्टीत खेळाडू पाण्याला गेले आणि अण्णा झारी घेऊन मैदानात उतरले. धूळ उडू नये म्हणून डावाडावांच्या मध्ये पाणी मारायचं, हे काम अण्णांकडं वर्षानुवर्षं होतं. मला खेळता येत होतं तेव्हाही ते तेवढंच करायचे. पाणी मारताना बारीक दगड दिसला की उचलून खिशात घालायचे, माझ्या गुडघ्याला लागू नये म्हणून.

बापू माझ्या शेजारी चहाचा पेला घेऊन बसले होते. मला शेवटच्या आवाहनासाठी काहीतरी ठाशीव हवं होतं.

“बापू, त्या पोराला नक्की कुठं झालंय? पोटात का कुठं?”

“गाठ हाय,” बापू म्हणाले.

“ती कुठं?”

बापूंचा मोकळा हात वर गेला आणि गळ्याच्या डाव्या अंगाला, कानाच्या खाली टेकला. लगेच त्यांनी तिथं खाजवल्यासारखं केलं.

“आयला!” मी हसलो. “म्हंजी माझ्याच जागी की!”

बापूंनी पेला खाली ठेवला. चहा सांडला. “दिनकर, थांब. हे माइकवर...”

पण समालोचकाच्या हातात असली गोष्ट पडल्यावर तो थांबतो का? मी मफलर सारखा केला आणि माइक तोंडाशी धरला.

“प्रेक्षकहो, ऐका गंमत! आत्ताच कळलं. त्या पोराची गाठ गळ्याला आहे, डाव्या अंगाला. आणि माझी गाठ कुठं? गळ्याला, डाव्या अंगाला! माझी टीबीची, त्याची त्या रोगाची. देवाच्या दुकानात पुड्या बांधताना जरा अदलाबदल झाली असती, तर आज ते पोरगं इथं माइकवर असतं आणि डबा माझ्यासाठी फिरला असता!”

कर्ण्यातनं माझा आवाज ओढ्यापलीकडं जाऊन परत आला. मी हशाची वाट बघत थांबलो.

कुणी हसलं नाही.

भरलेलं मैदान, कौलांवर माणसं, भिंतीवर माणसं, आणि कुणाच्या तोंडातनं आवाज नाही. एक म्हातारा नोट डब्याकडं नेत होता, त्याचा हात तसाच राहिला. यशवंतानं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, लहान पोर धरावं तसा. पंचांनी शिट्टी तोंडात घेतली होती ती वाजवली नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि माझी नजर जाईल तो माणूस खाली बघत होता.

मी अण्णांना शोधलं. ते मैदानाच्या मधोमध उभे होते, माझ्याकडं पाठ करून. झारी हातात तिरकी झाली होती. पाणी एकाच जागी पडत होतं. तिथं चिखल झाला, चिखलाचं डबकं झालं, तरी त्यांचा हात हलला नाही.

मला कळलं म्हणावं, तर त्या क्षणी कळलं असंही नाही. डोक्यात नुसता गोंधळ उडाला. शहाळं, दिनकरराव, धूर, झाकणावरचा हात, बोटं मोडणारी म्हातारी, ताटातलं तूप, सगळं एकदम अंगावर आलं आणि कशाचा कशाशी मेळ बसेना. मग बसला. मी टेबलाची कड धरून ठेवली. मला भीती वाटली. आणि कोण जाणे का, भीतीच्या मागोमाग रागही आला: सगळ्या जगाला माहीत, आणि मलाच नाही.

“ओ समालोचक!” मैदानाच्या कडेनं नेताजी ओरडला. “बोला की. अंग गार पडाय लागलं आमचं.”

तो मैदानात आला. त्यानं अण्णांच्या हातातनं झारी अलगद काढून घेतली, बाजूला ठेवली आणि पायानं कोरडी माती ओढून चिखलावर टाकायला लागला. मग आमचाही एक गडी आला. दोन्ही संघांची पोरं पायानं माती सारत राहिली. अण्णा बाजूला झाले. पंचांनी शिट्टी वाजवली. नेताजी रेषेला शिवलेला हात कपाळाला लावून चढाईला शिरला आणि सगळं मैदान माझ्या तोंडाकडं बघायला लागलं.

मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. घशातनं आवाज निघत होता एवढं खरं. “नेताजीची चढाई... उजवीकडं सरकतोय... यशवंत साखळीत...” असं काहीतरी. पुढच्या कर्ण्यातला आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मी तो ऐकत होतो. त्या डावात मी कुणाची टिंगल केली नाही आणि डब्याचं नावही घेतलं नाही. तरी डबा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात फिरत होता.

सामना सावळवाडीनं मारला. बक्षीस समारंभात नेताजीनं नुसती ढाल उचलली, पाकीट डब्यात टाकलं. आभाराचा माइक रिवाजाप्रमाणं माझ्याकडं आला. बापू म्हणाले, “मी बोलतो,” आणि हात पुढं केला. मी दिला नाही.

“मंडळी,” मी म्हणालो, “ते पोरगं आज इथं असतं, तर त्यानं तुमाला हात जोडले असते. त्याच्या वतीनं मी जोडतो.”

मी हात जोडले. मला कळलंय, हे त्यांना कळलं होतं का? आजवर मी कुणाला विचारलेलं नाही. लोक उठून कपडे झटकायला लागले. नंतर, फार नंतर यशवंतानं सांगितलं, की बापूंनी आलेल्या प्रत्येक संघाला आधी मारुतीच्या देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावला होता: दिनकरला कळता कामा नये. शपथ मोडून सांगितलं ते बिचाऱ्या बापूंच्याच हातानं.

घरात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आईनं बोचकी बांधली. सोमवारचा अख्खा दिवस मी अण्णांच्या मागं मागं फिरलो. गोठ्यात गेलो, विहिरीवर गेलो. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते बैलांशी बोलले, माझ्याशी नाही. शेवटी संध्याकाळी मीच खडा टाकला.

“अण्णा, डब्यात तर जमलं. मग बापूंच्या भाच्याला कवा नेनार?”

अण्णा वैरण टाकता टाकता थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. असलं काही अंगावर आलं की तोंडाला येईल ते बोलून मोकळे व्हायचे.

“त्यो? त्यो... उद्याच. आपल्याच गाडीतनं येनार हाय. एका खर्चात दोन कामं.”

“कुठनं घ्यायचं त्याला?”

“फाट्यावर. हायवेच्या फाट्यावर उबा ऱ्हानार हाय.”

आत भांडं पडल्याचा आवाज आला. आईनं ऐकलं होतं.

“बरं,” मी म्हणालो.

मंगळवारी उजाडल्यावर यशवंत त्याच्या मामाची जीप घेऊन आला. अण्णा पुढं बसले, मी आणि आई मागं. माझ्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा आईनं मोकळी ठेवली होती. मी तिथं पिशवी ठेवायला गेलो तर तिनं ती उचलून पायाशी घेतली. निघताना बापू भेटायला आले, पण जीपच्या जवळ आले नाहीत. लांबूनच हात वर केला.

फाटा आला. यशवंतानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि गाडी तशीच पुढं दामटायला लागला.

“थांबव की,” मी म्हणालो. “पोरग्याला घ्यायचंय न्हवं?”

अण्णा दचकले. “व्हय, व्हय. थांबव यशवंता.”

ते खाली उतरले. टोपी सारखी केली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून वर बघितलं, खाली बघितलं. ट्रक जात होते. एक एसटी थांबली, तिच्यातनं दोन बायका उतरल्या, त्यांच्याकडंही अण्णांनी निरखून बघितलं. उन्हं वर आली. त्यांना परत येता येत नव्हतं. जो माणूस येणारच नव्हता त्याची किती वेळ वाट बघायची, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. आई मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली होती. मला अण्णांचा राग होता, तो त्यांच्या पाठीकडं बघता बघता कुठं गेला ते समजलं नाही. एवढा मोठा माणूस शाळेतनं घालवून दिलेल्या पोरासारखा उभा होता.

फाट्यावर चहाचा गाडा होता. अण्णा तिकडं गेले. जीपच्या काचा खाली होत्या, सगळं ऐकू येत होतं.

“हितं एक पोरगं उबं हुतं का हो सकाळपास्नं?”

“कसलं पोरगं?” गाडेवाला म्हणाला.

अण्णा अडखळले. “असं... उंच हाय. किडकिडीत झालंय आता, पयलं चांगलं भरल्यालं हुतं. तेवीस वर्साचं. गळ्याला मफलर आसतंय.” त्यांचा आवाज बारीक झाला. “लई बोलकं हाय. बोलाय लागलं की थांबत न्हाय.”

गाडेवाल्यानं पेला विसळता विसळता जीपकडं बघितलं. “असलंच एक तर तुमच्या गाडीत बसलंय की, बाबा.”

अण्णा तिथंच उभे राहिले. वळून बघायचं धाडस त्यांना होईना. यशवंतानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मी खिडकीतनं हात बाहेर काढला.

“अण्णा,” मी हाक मारली. “या. आलाय त्यो.”

ते वळले.

“कवाच आलाय,” मी म्हणालो. “चला, उशीर हुईल.”

अण्णा आले. पुढच्या सीटवर न बसता मागचं दार उघडून माझ्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेत बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. काही वेळानं हात वर करून माझा मफलर सारखा केला आणि हात तिथंच, गाठीवर ठेवला. जीप हायवेला लागली.

घाट उतरून गेल्यावर आईनं फडकं सोडलं. भाकरी, झुणका, वर ठेचा. ती सवयीनं वाटायला लागली: यशवंताला, अण्णांना, मला, स्वतःला. फडक्यात आणखी एका माणसाच्या भाकरी उरल्या. आपण त्याही बांधून आणल्यात, हे बहुतेक तिच्या तेव्हाच लक्षात आलं. त्या हातात धरून ती बावरून बसली, कुणाला द्यायच्या ते कळेना.

“आण हिकडं,” मी म्हणालो.

कितीतरी महिन्यांत मला भूक अशी लागली नव्हती. त्याच्या वाट्याच्याही भाकरी मीच खाल्ल्या.